कापलेल्या कडेवरची भेग: बळकट पोलादाकडे वळलेल्या भांडुपच्या एका प्रेस शॉपचे प्रकरण

पार्श्वभूमी

भांडुप ते मुलुंड या पट्ट्यात लाल बहादूर शास्त्री मार्गाच्या दोन्ही अंगांना एके काळी मोठे कारखाने होते आणि त्यांच्या कामावर जगणारी लहान वर्कशॉप गल्लोगल्ली होती. मोठे कारखाने बंद झाले, त्यांच्या जागी टॉवर उभे राहिले, तरी काही इंडस्ट्रियल इस्टेटमधले गाळे अजून चालू आहेत. ज्या कारखान्याचे प्रकरण येथे मांडले आहे तो अशाच एका इस्टेटमधला, दुसऱ्या पिढीच्या हाती आलेला प्रेस शॉप, म्हणजे पत्रा कापून आणि दाबून भाग बनवणारा कारखाना आहे. त्याची टूलरूम (हत्यारे आणि साचे बनवण्याची व दुरुस्तीची जागा) आणि लहान प्रेस भांडुपला आहेत, तर मोठे प्रेस तळोजा एमआयडीसीतल्या शेडमध्ये आहेत. तयार माल चाकणच्या एका वेल्डिंग पुरवठादाराकडे जातो आणि तेथून तो मोटार कंपनीच्या लाइनवर पोहोचतो. कारखाना, ग्राहक आणि माणसे यांची नावे दिलेली नाहीत आणि ओळख पटेल असे तपशीलही गाळले आहेत. मी या कामात धातुशास्त्राच्या बाजूने सल्लागार होतो.

प्रश्न एका आतल्या ब्रॅकेटचा होता. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या दाराच्या मधला खांब जेथे खालच्या उंबऱ्याच्या पेटीला मिळतो, त्या सांध्यात हे ब्रॅकेट आतून स्पॉट वेल्डने जोडले जाते. गाडीला बाजूने धडक बसली की खांबावरचा भार याच सांध्यातून उंबऱ्यात आणि पुढे फ्लोअरमध्ये उतरतो. भाग लहान, बाहेरून कधीच न दिसणारा. पण तो फाटला तर खांबाचा पाया ढिला होतो आणि दार प्रवाशाच्या अंगावर अधिक आत येते.

पूर्वी हे ब्रॅकेट १.६ मिमी जाडीच्या, किमान ५९० मेगापास्कल ताणबळाच्या पत्र्यातून काढले जात असे. गाडीची नवी आवृत्ती आली तेव्हा ग्राहकाने ड्रॉइंग बदलले: जाडी १.४ मिमी आणि पोलाद डीपी ७८०, जस्ताचा लेप असलेले. या बदलामागचे कारण समजण्यासारखे होते. भारतात ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलना आणि ऑक्टोबर २०१९ पासून सर्व मोटारींना धडक-चाचण्या सक्तीच्या झाल्या. एआयएस-०९८ या वाहन मानकामध्ये ताशी ५६ किलोमीटरने समोरून अर्धवट धडक, तर एआयएस-०९९ मध्ये ताशी ५० किलोमीटरने बाजूची धडक तपासली जाते. १ ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनसीएपी ही ऐच्छिक तारांकन योजना लागू झाली. तिच्यात समोरच्या धडकेचा वेग ताशी ६४ किलोमीटर आहे आणि रस्त्याकडेच्या खांबासारख्या अडथळ्यावर गाडी बाजूने आदळण्याची चाचणीही आहे. दुसरीकडे २०२२-२३ पासून मोटार कंपन्यांच्या सरासरी कार्बन उत्सर्जनाची मर्यादा किलोमीटरला ११३ ग्रॅमवर आली. गाडी अधिक मजबूत हवी आणि अधिक हलकीही हवी, अशा या दुहेरी मागणीला पोलाद उद्योगाने दिलेले उत्तर म्हणजे अतिबळकट पोलादांची नवी कुळे, आणि त्यांत आज सर्वाधिक वापरले जाणारे कूळ डीपीचे, म्हणजे द्विप्रावस्था पोलादाचे आहे.

या पोलादाच्या पोटात मऊ फेराइट असते आणि त्यात कठीण मार्टेन्साइटची लहान लहान बेटे विखुरलेली असतात. फेराइटमुळे पत्रा आकार घेतो, मार्टेन्साइटमुळे त्याला बळ येते. आकार देताना तो झपाट्याने घट्ट होत जातो आणि धडकेतही पुष्कळ ऊर्जा पोटात घेतो. ही सारी गुणवत्ता खरी आहे. मात्र मऊ आणि कठीण यांच्यातला तोच फरक पत्रा कापताना आड येतो, आणि या प्रकरणाचा सगळा गाभा तेथेच आहे.

अडचण

नवीन डाय (पत्रा कापणारा आणि त्याला आकार देणारा साचा) बनवण्यासाठी वेळ कमी होता. म्हणून जुनीच प्रोग्रेशन, म्हणजे एकामागून एक कापण्या-वळवण्याच्या पायऱ्यांची मांडणी, कायम ठेवून, फॉर्मिंगच्या स्टेशनवर नव्या जाडीनुसार शिम बदलून आणि कोन थोडा जास्त वळवून काम सुरू झाले. पहिले नमुने गेजवर बसले, मोजमापांचा अहवाल गेला, नमुन्यांना मंजुरी मिळाली. नियमित उत्पादन सुरू झाल्यावर काही लॉटमध्ये दोन ठिकाणी भेगा दिसू लागल्या: एक, फ्लँज (कडेला वळवून उभी केलेली पट्टी) जेथे आतल्या बाजूने वळण घेते त्या कडेवर, आणि दोन, वायरिंगसाठी काढलेल्या छिद्राच्या उभ्या कॉलरवर. काही भेगा डोळ्यांना दिसत होत्या, पण काही इतक्या बारीक होत्या की तेल पुसून, उजेडात तिरका धरल्याशिवाय त्या कळत नसत. त्यांपैकी काही भाग चाकणला पोहोचले आणि वेल्डिंगनंतरच्या तपासणीत सापडले.

पहिला उपाय नेहमीचाच झाला. दोन हेल्पर बसवून प्रत्येक नग तपासायचा, चिरलेला बाजूला काढायचा, कडेला किंचित खरखर दिसली तर ग्राइंडर मारून पुढे पाठवायचा. या उपायाने माल पुढे गेला, पण रिजेक्शन साधारण आठात एकाच्या घरात पोहोचले.

हा आकडा नुसता तोट्याचा म्हणून बघू नये. १.६ मिमीवरून १.४ मिमीवर आल्यामुळे प्रत्येक भागाचे पोलाद १२.५ टक्क्यांनी, म्हणजे बरोबर एक अष्टमांशाने वाचत होते. आठातला एक भाग भंगारात गेला की एका चांगल्या भागामागे लागणारे पोलाद पुन्हा जुन्याइतकेच होते. गाडी चालताना हलकेपणाचा जो लाभ मिळायचा तो मिळतोच. परंतु पोलाद बनवताना जो कार्बन वाचायला हवा होता तो सगळा भंगाराच्या ढिगात जातो. भारतात एक टन पोलाद बनवताना सरासरी अडीच टनांच्या आसपास कार्बन डायऑक्साइड बाहेर पडतो, आणि जगाची सरासरी त्याहून बरीच कमी आहे. त्यामुळे आपल्याकडे प्रेस शॉपमधल्या रिजेक्शनची पर्यावरणीय किंमत इतरांहून अधिक आहे. ‘हलका पत्रा म्हणजे हरित गाडी’ हे समीकरण मांडणाऱ्या सादरीकरणांत रिजेक्शनचा रकाना मला क्वचितच दिसला आहे, आणि तो असायलाच हवा असे माझे ठाम मत आहे.

कारणाचा शोध

सुरुवातीला सर्वांचे बोट मालाकडे होते. पत्रा दोन मार्गांनी येत असे: काही कॉइल मिलच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून आणि तातडीच्या वेळी काही कळंबोलीच्या लोखंड बाजारातल्या व्यापाऱ्याकडून. भेगा दोन्हींत येत होत्या, पण बाजारातून घेतलेल्या कॉइलमध्ये अधिक. मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत ताणचाचण्या करून घेतल्या. प्रत्येक हीटचा, म्हणजे एकाच वितळीतून निघालेल्या मालाचा, निकाल प्रमाणपत्राशी जुळला: ताणबळ बरोबर, लांबण (तुटण्यापूर्वी पत्रा किती ताणला जातो ते माप) बरोबर. आता मिलला दोष देता येईना, आणि भेगा तर येतच होत्या.

या ठिकाणी टूलरूमच्या ज्येष्ठ कारागिरांनी कामाला वळण दिले. कारखान्यात सगळे त्यांना काका म्हणतात. मालक प्रयोगशाळेचे अहवाल पुन्हा पुन्हा चाळत होते तेव्हा काका म्हणाले, “दादा, अहवाल राहू द्या. पट्टी मधे तुटते की कडेला? आपला जॉब कडेला फाटतोय. कड बघा.”

कड बघितली. भिंगाखाली कापलेल्या पत्र्याच्या कडेवर चार पट्टे दिसतात: वर थोडी गोलाई, तिच्याखाली पंच (वरून कापणारे हत्यार) घासून गेल्याची चकचकीत पट्टी, मग खडबडीत तुटलेला भाग आणि शेवटी बर, म्हणजे कडेला उरलेली धारदार कोर. आमच्या ब्लँकवर, म्हणजे आकार देण्यापूर्वी कापलेल्या पत्र्याच्या तुकड्यावर, चकचकीत पट्टी एकसारखी नव्हती. आतल्या वळणावर ती मध्येच तुटून दुसरी पट्टी सुरू झाली होती, कारण दोन वेगवेगळ्या पंचांचे काप नेमके तेथे एकमेकांवर येत होते आणि त्यांच्यात केसाएवढी पायरी राहत होती. तुटलेल्या भागात बारीक चिरांचे जाळे होते. ताणचाचणीची पट्टी मशीनवर गुळगुळीत घासून बनवलेली असते; तिला अशी कड नसते. म्हणून ती चाचणी कितीही वेळा केली तरी हा दोष तिच्यात दिसलाच नसता.

त्यानंतर काकांनी एक साधी चाचणी केली. ही चाचणी प्रत्येक प्रेस शॉपने आपल्या वहीत लिहून ठेवावी अशी आहे. त्यांनी एकाच कॉइलचे ब्लँक तीन गटांत वाटले. पहिल्या गटाची कड पंचने कापलेली होती तशीच ठेवली. दुसऱ्या गटात वळणावरची कड बारीक कानशीने आणि पॉलिश पेपरने घासून कापाने दुखावलेला थर काढून टाकला. तिसऱ्या गटाचे ब्लँक शेजारच्या गल्लीतून वायर-कटवर (विजेच्या ठिणग्यांनी तारेने कापणाऱ्या मशीनवर) कापून आणले. मग तिन्ही गट त्याच डायमध्ये, त्याच प्रेसवर फॉर्म केले. पहिल्या गटात नेहमीच्या जागी भेगा आल्या. उरलेल्या दोन्ही गटांत फ्लँजवर एकही आली नाही. पोलाद तेच, आकार तोच, डायही तीच. फरक होता तो कडेचा.

डीपी पोलादात कापताना नेमके काय घडते ते यावरून उलगडते. पंच खाली येतो तेव्हा मऊ फेराइट वाहतो, कठीण मार्टेन्साइट वाहत नाही, आणि दोघांच्या सीमेवर सूक्ष्म पोकळ्या उघडतात. पत्रा सपाट असेपर्यंत त्या निरुपद्रवी असतात. तीच कड पुढे फ्लँज वळताना ताणली गेली की पोकळ्या एकमेकींना मिळतात आणि भेग पुढे सरकते. पंच बोथट असेल किंवा पंच आणि डाय यांच्यातली फट कमी असेल तर नुकसान वाढते. ५९०च्या पत्र्यासाठी ठेवलेली फट एका बाजूला ०.१२ मिमी होती. १.४ मिमीच्या हिशेबाने ती साडेआठ टक्क्यांच्या आसपास येते. साध्या पत्र्याला ती चालते. या वर्गाच्या पोलादाला साधारण १२ ते १६ टक्के लागते.

पुढे असलेले पर्याय

कारण समजल्यावरही वाट एकच नव्हती.

पहिला पर्याय, जुन्या १.६ मिमीवर परत जाण्याची परवानगी ग्राहकाकडे मागणे. कारखान्याच्या दृष्टीने हा सर्वांत सोपा होता. परंतु गाडीच्या धडक-गणितात नवे बळ धरलेले होते. जुने पोलाद घालून ते गणित पुन्हा करणे ग्राहकाला शक्य नव्हते आणि सुरक्षिततेच्या दृष्टीने ते योग्यही नव्हते.

दुसरा पर्याय गरम दाबकामाचा. बोरॉनयुक्त २२एमएनबी५ जातीचा पत्रा ९०० अंश सेल्सियसच्या वर तापवून, थंड पाणी खेळवलेल्या डायमध्ये दाबून तेथेच विझवला की साधारण १५०० मेगापास्कलचा भाग मिळतो आणि स्प्रिंगबॅक (दाब सुटल्यावर पत्र्याचे थोडे परत उलगडणे) जवळपास राहत नाही. मधल्या खांबाच्या मुख्य भागासाठी जगभर ही पद्धत मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. पण भट्टी, विशेष डाय आणि नंतरचे लेझर कटिंग यांचा खर्च या कारखान्याच्या आवाक्याबाहेर होता, आणि या सांध्याला इतक्या बळाची गरजही नव्हती. हा पर्याय पहिल्याच बैठकीत बाजूला पडला.

तिसरा पर्याय पोलादाची जात बदलण्याचा होता आणि त्यावर सर्वांत जास्त चर्चा झाली. त्याच ७८० मेगापास्कलमध्ये बहुप्रावस्था, म्हणजे सीपी जातीचे पोलाद मिळते. त्याच्या पोटात बेनाइटचे (फेराइट आणि मार्टेन्साइट यांच्या मधल्या कठीणपणाच्या घटकाचे) प्रमाण अधिक आणि मऊ-कठीण यांतला फरक कमी असल्याने कापलेली कड बरीच जास्त ताण सहन करते. उलट त्याची एकूण लांबण कमी असते. आमच्या ब्रॅकेटला एका टोकाला खोल खळगा आहे. तो ओढताना सीपी पत्रा मधेच पातळ होऊन फुटण्याची भीती होती. काही पत्रे मागवून खळगा ओढून पाहिला आणि ती भीती खरी ठरली. एकाच भागात एका जागी लांबण आणि दुसऱ्या जागी कडेची चिवटाई लागते तेव्हा पोलाद निवडणे किती अवघड होते, हे त्या दिवशी ग्राहकाच्या डिझाइनरनेही डोळ्यांनी पाहिले.

चौथा पर्याय, डीपी ७८० कायम ठेवून कापण्याची पद्धत बदलणे. यात नवे पंच, नवी डाय-प्लेट आणि प्रेसचा फेरविचार होता. खर्च होता, पण तो पेलणारा होता.

पाचवा पर्याय कोणी उघडपणे मांडला नाही, तरी तो बैठकीत हजर होता: तपासणारे हात वाढवायचे, चिरलेले नग वेगळे काढायचे आणि चालू ठेवायचे. सुट्या भागांच्या धंद्यात महिन्याच्या अखेरीस हाच पर्याय जिंकतो. या कारखान्यात तो जिंकला नाही, याचे श्रेय मालकांना आहे.

निर्णय आणि प्रत्यक्ष बदल

सर्वांत कठीण निर्णय तांत्रिक नव्हता. चाकणला आधी गेलेल्या लॉटमध्ये बारीक भेगांचे नग असण्याची शक्यता होती आणि ग्राहकाकडून त्याबद्दल स्पष्ट विचारणा आलेली नव्हती. मालकांनी आपणहून हीट नंबर आणि लॉट नंबर कळवले, वेल्ड न झालेला साठा परत मागवला आणि तपासणीचा खर्च स्वतः उचलला. कार्यालयात दोन मते होती. काहींना वाटत होते की यामुळे काम हातचे जाईल. माझ्या मते हा निर्णय दोन आठवडे आधी, म्हणजे पहिली भेग सापडली त्याच आठवड्यात व्हायला हवा होता. सांध्यात बसणाऱ्या भागाबाबत शंका आली की ती ग्राहकाला कळवणे हे पुरवठादाराच्या मर्जीवर सोडता येत नाही.

त्यानंतर टूलरूमचे काम सुरू झाले. फट एका बाजूला ०.१२ वरून ०.२० मिमी केली, म्हणजे जाडीच्या १४ टक्क्यांच्या जवळ. दोन कापांचा जोड वळणावरून हलवून सरळ कडेवर नेला. ब्लँक उलटा करून बरची बाजू फ्लँजच्या आतल्या अंगाला येईल असे पाहिले, कारण आतला थर दाबला जातो आणि बाहेरचा ताणला जातो. पंचांसाठी पूर्वीचे डी२ टूल स्टील होते. त्याची धार या पत्र्यावर कपच्या उडून लवकर जात होती. वळणाच्या आणि कॉलरच्या जागी पावडर पद्धतीने बनवलेल्या टूल स्टीलचे, वर कठीण लेप दिलेले इन्सर्ट बसवले. आणि पंचला धार लावायची वेळ बर डोळ्यांना दिसल्यावर न ठरवता ठोक्यांच्या मोजणीवर ठरवली. ही शेवटची सवय लावायला सर्वांत जास्त वेळ लागला. बर बोटाला लागेपर्यंत पंच चालवायचा, हा डाय बसवणाऱ्या सेटरचा पिढीजात नियम होता, आणि साध्या पत्र्यावर तो चुकीचाही नव्हता.

प्रेसकडेही बघावे लागले. जाडी कमी झाली म्हणजे कापण्याचे बळही कमी लागेल, असे सुरुवातीला गृहीत धरले होते. प्रत्यक्षात बळाचा हिशेब ताणबळ आणि जाडी यांच्या गुणाकारावर चालतो: ७८० भागिले ५९० आणि १.४ भागिले १.६, म्हणजे सुमारे १६ टक्के वाढ. त्याहून महत्त्वाचे म्हणजे बळकट पत्रा एकदम तुटतो, आणि प्रेसच्या चौकटीत ताणून साठलेले बळ त्या क्षणी उलटे बसते. भांडुपच्या सी-फ्रेम (एका बाजूने उघड्या चौकटीच्या) प्रेसवर हा धक्का शेजारच्या गाळ्यात जाणवत होता. पंचांच्या उंचीत थोडा थोडा फरक ठेवून सगळे काप एकाच क्षणी होणार नाहीत असे केले, आणि ब्लँकिंग तळोज्याच्या सरळ चौकटीच्या प्रेसवर हलवले.

स्प्रिंगबॅकचा प्रश्न वेगळ्या स्वरूपाचा आहे. पोलादाचे बळ कितीही वाढवले तरी त्याचा स्थितिस्थापकता गुणांक २०० ते २१० गिगापास्कलच्या घरातच राहतो. त्यामुळे बळ वाढले आणि जाडी घटली की वळवलेला पत्रा अधिक परत येतो. कोन आधीच जास्त वळवून आणि शेवटी पुन्हा एकदा दाबणारे रीस्ट्राइक स्टेशन वाढवून तो आटोक्यात आणला. याच गुणांकामुळे आणखी एक परिणाम होतो आणि तो डिझाइनरने लक्षात ठेवायला हवा: सपाट पत्र्याची वाकण्याविरुद्धची कणखरता जाडीच्या घनावर अवलंबून असल्याने १.६ वरून १.४ वर येताना ती जवळपास एक तृतीयांशाने घटते. ती भरून काढायची तर आकारातच उभारी द्यावी लागते. ग्राहकाने ब्रॅकेटच्या पाठीवर उभा मणी (पत्र्याला कणखर करणारी उठावदार रेघ) आधीच दिलेला होता, म्हणून येथे अडले नाही.

खरेदीतही बदल झाला. मागणीपत्रात आता ताणबळ आणि लांबण यांच्यासोबत छिद्र-विस्तार चाचणीची किमान अट लिहिली जाते. आयएसओ १६६३० नुसार १० मिमीचे छिद्र १२ टक्के फट ठेवून पाडतात आणि ६० अंशांच्या शंकूने ते आरपार भेग पडेपर्यंत रुंदावतात. किती टक्के रुंदावले ते कडेच्या चिवटाईचे माप. ही अट आल्यावर ‘त्याच ग्रेडचा, थोडा स्वस्त’ पत्रा देऊ पाहणारा बाजारातला मार्ग आपोआप बंद झाला, कारण ताणबळ सारखे असूनही दोन मिलच्या डीपी ७८० मध्ये या मापात मोठा फरक असू शकतो. कॉइलची किंमत त्यामुळे वाढली. पावसाळ्यात गाळ्यातल्या दमट हवेने जस्ताच्या लेपावर पांढरा गंज धरू नये म्हणून कॉइलचा साठा तळोज्यात झाकून आणि थोडा थोडा ठेवण्याचे ठरले.

परिणाम

फ्लँजवरच्या भेगा थांबल्या. छिद्राच्या कॉलरवर मात्र त्या कमी झाल्या, संपल्या नाहीत. कॉलरची उंची इतकी होती की उत्तम कापलेली कडही तिथे आपल्या मर्यादेला टेकत होती. त्या मोजमापांसह ग्राहकाकडे गेल्यावर कॉलरची उंची कमी करायला मान्यता मिळाली. वायरिंगच्या रबरी ग्रोमेटला तेवढ्या उंचीची गरज नव्हतीच. जुन्या ड्रॉइंगमधून ती नवीन ड्रॉइंगमध्ये कोणी प्रश्न न विचारता आली होती. त्यानंतर रिजेक्शन जुन्या भागाच्या पातळीवर आले, आणि वाचलेले पोलाद खरोखर वाचू लागले.

भंगाराची कथा मला विशेष मोलाची वाटते. पूर्वी ब्लँकिंगचे तुकडे, तेलाची फडकी, जुन्या मोटरच्या तांब्याच्या तारा आणि इतर पत्र्यांचे काप एकाच ढिगात पडत आणि भंगारवाला तो ढीग एका भावाने उचलत असे. वितळलेल्या पोलादातून तांबे वेगळे काढण्याचा व्यवहार्य मार्ग नाही. एकदा ते शिरले की पुढचे पोलाद चांगल्या पत्र्याच्या कामाचे राहत नाही. याउलट प्रेस शॉपचे कोरे काप हे भंगारातले सर्वांत स्वच्छ भंगार असते, आणि एक टन भंगार वापरले की साधारण दीड टन कार्बन डायऑक्साइड, १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो, असा जागतिक पोलाद संघटनेचा हिशेब आहे. कारखान्याने जातवार पिंपे ठेवली, काप वेगळे विकायला सुरुवात केली आणि त्यांना भावही बरा मिळाला. त्याबरोबर ब्लँकची मांडणी बदलून दोन ब्लँक एकमेकांत गुंतवले, त्यामुळे मुळातच निघणारे काप कमी झाले.

ग्राहक आता भागासोबत कार्बनचा आकडाही मागतो. डिसेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने हरित पोलादाची व्याख्या जाहीर केली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर ते पोलाद हरित, आणि १.६ टनांपेक्षा कमी असेल तर पंचतारांकित. मिल निवडण्याचा अधिकार बहुधा ग्राहकाचाच असल्याने प्रेस शॉपच्या हातात या आकड्याचा छोटाच भाग येतो. तो म्हणजे एका चांगल्या भागामागे किती पोलाद खर्ची पडले आणि उरलेले कोठे गेले. कारखाना हे दोन आकडे आता दर महिन्याला लिहितो.

खर्चाची बाजूही सांगितली पाहिजे. पंचांची देखभाल महागली, कॉइल महागली, भांडुपहून तळोज्याला ब्लँकिंग गेल्याने वाहतूक बदलली. भागाच्या दरात ग्राहकाने थोडी वाढ दिली; सगळी भरपाई झालेली नाही.

काय वेगळे करता आले असते

ड्रॉइंग गोठवण्यापूर्वी प्रेस शॉपला बैठकीत बोलावले असते तर कॉलरची उंची आणि आतल्या वळणाची त्रिज्या तेव्हाच सुधारता आली असती. ग्राहकाच्या संगणकीय फॉर्मिंग विश्लेषणात पत्र्याच्या मध्यभागाची मर्यादा तपासली होती. कापलेल्या कडेची मर्यादा त्यात धरलेली नव्हती. अशा विश्लेषणाचा अहवाल हिरवा आला म्हणून समाधान मानू नये. कडेवरचा ताण वेगळा काढून मागावा.

नमुन्यांची मंजुरी नव्या धारेच्या पंचवर काढलेल्या नगांवर झाली होती. पंच आपल्या आयुष्याच्या अखेरीला आला असताना काढलेले नगही मंजुरीसाठी ठेवले असते तर भेगा उत्पादनात येण्याआधी दिसल्या असत्या. कानस आणि वायर-कटची तुलना करायला एक दिवस पुरला. ती पहिल्या भेगेनंतर लगेच केली असती तर प्रयोगशाळेच्या फेऱ्या आणि मिलशी झालेला पत्रव्यवहार टळला असता. हाताने ग्राइंडर मारून कड साफ करण्याचा तात्पुरता उपाय तर पहिल्या दिवसापासूनच थांबवायला हवा होता, कारण त्याने जस्ताचा लेप जातो, उंबऱ्याच्या बंद पेटीत गंजाला वाट मिळते आणि भेगेचे तोंड पुसले जाऊन ती तपासणाऱ्याच्या नजरेतून निसटते.

एक बाजू या प्रकरणात अपुरी राहिली आहे. जस्ताचा लेप असलेल्या बळकट पोलादावर स्पॉट वेल्ड मारताना वितळलेले जस्त पोलादाच्या कणांच्या सीमांत शिरून बारीक चिरा पाडू शकते; वेल्डच्या वेळापत्रकात, इलेक्ट्रोडच्या कोनात आणि दोन पत्र्यांमधल्या फटीत थोडी चूक झाली तरी हा धोका वाढतो. ती फट ब्रॅकेटच्या स्प्रिंगबॅकवर अवलंबून असते, म्हणजे तिचा एक धागा भांडुपच्या टूलरूमपर्यंत येतो. वेल्डचे कापून तपासलेले नमुने प्रेस शॉपला नियमित दाखवावेत अशी विनंती आम्ही केली आहे, आणि ग्राहकाकडून तिला अद्याप होकार आलेला नाही.

दरम्यान त्याच ग्राहकाकडून ९८० मेगापास्कलच्या एका भागाची चौकशी आली. मालकांनी दर पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी लेखी मागितल्या: कडेवरच्या ताणाचा हिशेब, पोलादाचे छिद्र-विस्तार माप आणि वेल्डिंगच्या चाचण्यांत हजर राहण्याची मुभा. पहिल्या दोन मिळाल्या. तिसरीवर बोलणी चालू आहेत आणि ती मिळेपर्यंत दर गेलेला नाही.